‘शिक्षा’ हा शब्द आपल्याकडे छडी घेऊन कधी आला?

हातमाग

परवा वर्गात एक प्रसंग घडला, तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

मी सोलापुरात पाचवीला शिकवते. वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं निम्मी असतील नसतील. बाकीच्यांच्या घरी तेलुगू, कन्नड, नाहीतर उर्दू. यंदा एक नवीन मुलगा आलाय. वडील रेल्वेत, मूळ घर बिहारकडचं. मोठेपणी काय करायचंय असं एकेकाला विचारत होते. हा उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, “मुझे बहुत शिक्षा लेनी है।” सगळा वर्ग हसायला लागला. पुढच्या बाकावरच्या एकाने तर वाकून अंगठे धरून दाखवले. काय चुकलं हेच त्याला कळेना, ओठ थरथरायला लागले.

त्याला जवळ घेतलं. मुलांना सांगितलं की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, त्याने चांगलीच गोष्ट मागितली आहे. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग बाई, आपल्यात शिक्षा म्हणजे मार का?”

मला उत्तर देता आलं नाही. आणि आमच्याच शाळेच्या भिंतीवर, जुन्या रंगात, पेन्सिलीवर बसलेली दोन मुलं आहेत. त्यांच्याखाली ‘सर्व शिक्षा अभियान’. ही योजना २००१ सालची, म्हणजे इतकी वर्षं मी त्या भिंतीसमोरून ये-जा करतेय.

घरी येऊन जेवढं शोधता आलं तेवढं शोधलं. संस्कृतात ‘शक्’ म्हणजे जमणं, करू शकणं. त्याला इच्छेचा प्रत्यय लागला की ‘शिक्षति’ होतं. पिणं पासून पिपासा, जाणणं पासून जिज्ञासा, तसंच हे. म्हणजे शिक्षा या शब्दाचा मुळातला अर्थ ‘मला हे जमायला हवं’ ही इच्छा. त्यात शिकवणारा नाही, मारणारा तर नाहीच. शिकणाऱ्याच्या आतली ओढ एवढंच त्या शब्दात आहे. सहा वेदांगांत पहिलं शिक्षा, तेही उच्चारांचं शास्त्र. प्राकृतात त्याचं सिक्ख झालं आणि आपलं ‘शिकणं’ तिथूनच आलं. म्हणजे मराठीत एकाच मुळाची दोन भावंडं आहेत. शिकणं घरात राहिलं, शिक्षा पोलीस चौकीत गेली.

हे कसं झालं? इथे वेगवेगळ्या घरांतली मंडळी आहेत. तुमच्या घरच्या भाषेत काय म्हणतात ते सांगा. मला त्या मागच्या बाकावर उत्तर द्यायचंय.

कंबरतलाव

बाई, आधी त्या पोराला माझ्याकडून एक शेंगाची पोळी द्या.

आमचं घर कन्नड, गाव अक्कलकोटच्या पुढं. कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजे पक्की सजाच. शिकण्याला ‘शिक्षण’. अगदी मराठीसारखं. त्यामुळे हा प्रश्न मराठी विरुद्ध हिंदी असा नाही. गुजरातीतही शिक्षा म्हणजे दंडच, आमच्या गल्लीतल्या व्यापाऱ्याला आत्ताच विचारून आलो. मल्याळममध्येही तेच. बंगाली, उडिया, नेपाळी, हिंदी यांच्यात मात्र शिक्षा म्हणजे अभ्यास. बंगालीत सजेला ‘शास्ति’ म्हणतात.

आमच्या आईचा शब्द वेगळाच होता. ती कधी ‘शिक्षे कोडतीनी’ म्हणाली नाही. चिडली की म्हणायची, ‘बुद्धी कलिस्तिनी निनगं’. तुला बुद्धी शिकवते. आणि हातात लाटणं. तेव्हा बुद्धी शिकवणे म्हणजे काय, ते मला वयाच्या पाचव्या वर्षीच कळलं होतं. मराठीतलं ‘धडा शिकवतो’ आणि हे एकच की वो. शब्द शाळेतला, काम लाटण्याचं.

शेंगाचटणी

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. तेलुगूतही ‘शिक्ष’ म्हणजे सजा आणि ‘शिक्षण’ म्हणजे प्रशिक्षण. आणि हो, आमच्याकडेही ‘बुद्धी चेप्ता’ म्हणतात, बुद्धी सांगतो.

पण हातमागताई, तुमच्या ‘कसं झालं’ याचं उत्तर बहुतेक माझ्या आजीकडे आहे. नरसिंहाची, कृष्णाची कुठलीही गोष्ट सांगताना ती एक जोडशब्द म्हणायची: ‘दुष्ट शिक्षण, शिष्ट रक्षण’. देव अवतार कशाला घेतो, तर दुष्टांचं शिक्षण आणि सज्जनांचं रक्षण करायला. तेलुगूत हा जोड इतका रुळलेला आहे की कुणी थांबून विचार करत नाही. मीही आज पहिल्यांदा केला. नरसिंहाने हिरण्यकश्यपूचं पोट फाडलं आणि आजीच्या भाषेत ते ‘शिक्षण’ झालं!

म्हणजे मला वाटतं, शब्द शाळेतून घसरत पोलीस चौकीत गेला नाही. तो राजाच्या दरबारातून गेला. राजाने प्रजेला वळण लावायचं. चांगल्याला सांगून वळण, वाईटाला दंडून वळण, दोन्हीला शब्द एकच. पुढे आपल्याकडच्या भाषांनी दुसऱ्या कामाला शिक्षा ठेवलं आणि पहिल्याला शिक्षण. उत्तरेकडे दुसऱ्या कामाला दंड, सजा, शास्ति असे दुसरे शब्द होतेच, म्हणून शिक्षा तिथे शाळेत राहिली.

शाळेतल्या शिक्षांचे तेलुगू शब्दही लिहून ठेवते. उठाबशांना ‘गुंजीलु’. पाठ भिंतीला टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं उभं राहायचं ती ‘गोडकुर्ची’. गोडा म्हणजे भिंत. माझ्या मराठी मैत्रिणीला वर्षभर वाटायचं की ही कुठली तरी गोड खुर्ची आहे आणि आम्हाला काहीतरी बक्षीस मिळतंय.

कंबरतलाव

उठाबशांना आमच्यात ‘बस्की’. पहिलवानांची बैठक तीच बस्की आणि मास्तरांची पण तीच.

नवी_पेठ

इतकं खोल जायची गरज नाही. आपल्याकडे शिकवणं आणि मारणं वेगळं नव्हतंच. छडीशिवाय विद्या येत नाही हीच समजूत होती. शब्द तेच सांगतोय, सरळ आहे.

हातमाग

@नवी_पेठ, हे मला पटत नाही, आणि मनापासून सांगते का ते. छडी तर बिहारमध्येही होती, बंगालमध्येही होती. मारकुटे मास्तर आपल्यापुरतेच असते तर गोष्ट वेगळी. तिकडे मार असूनही शब्दाचा अर्थ बदलला नाही. त्यामुळे मारावरून अर्थ लागत नाही. शेंगाचटणी सांगतेय तो राजाचा धागा मला जास्त खरा वाटतो, कारण त्याला घरातल्या बोलीतला पुरावा आहे.

मी स्वतः छडी खाल्ली आहे. तिसरीत, पाढा चुकला म्हणून. हातावर वळ उठले होते आणि सतरा नव्वे त्रेपन्नासे आजही घाबरतच म्हणते. शाळेचं नाव सांगत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली. त्याच कायद्याचं हिंदी नाव ‘शिक्षा का अधिकार’. एका भाषेत शिक्षेचा हक्क, दुसऱ्या भाषेत शिक्षेला बंदी, आणि कायदा एकच.

किताबवाला

आदाब. उर्दूकडचं मी सांगतो.

‘सज़ा’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ मार नाही, तुरुंगही नाही. मूळ अर्थ ‘योग्य, साजेसं, ज्याच्या त्याच्या वाट्याचं’. जे ज्याला शोभतं ते त्याचं सज़ा. म्हणून फारसीत ‘सज़ावार’ म्हणजे लायक, पात्र. आणि ‘नासज़ा’ म्हणजे जे शोभत नाही ते, म्हणजे शिवी! सजा हा शब्द खरं तर केल्या कर्माचं योग्य माप असा आहे. आपण मराठीत ‘त्याला त्याचं फळ मिळालं’ म्हणतो, त्याच्या जवळचा.

तुमच्या शिक्षेचा सख्खा भाऊ मात्र अरबीत आहे. ‘अदब’ म्हणजे शिष्टाचार, सभ्यपणा, आणि साहित्यसुद्धा. त्याच मुळापासून ‘तादीब’ म्हणजे वळण लावणं, आणि तेही सजा देऊन. उर्दू वर्तमानपत्रात कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली की ‘तादीबी कार्रवाई’ असं छापतात. कविता आणि कारवाई, दोन्ही एका घरातल्या. आमच्या अब्बांचा शब्दही ‘अदब सिखाऊंगा’ असाच होता.

आणि मराठी ‘तंबी’! तीही अरबी ‘तंबीह’, म्हणजे जागं करणं, सावध करणं. मराठीत ती तोंडी ताकिदीवर थांबली, इराणी लोक मात्र शिक्षेलाच तंबीह म्हणतात. म्हणजे तंबी इथे सौम्य आणि इराणात कडक, शिक्षा हिंदीत गोड आणि इथे कडू. शब्दांचा स्वभाव गाव बदललं की बदलतो.

ग्रीक भाषेत तर अगदी तुमच्यासारखंच झालंय. ‘पेदिया’ म्हणजे शिक्षण, मुलांना घडवणं. त्याच मुळाचं क्रियापद आजच्या ग्रीकमध्ये छळणे या अर्थाने वापरतात. तेव्हा मागच्या बाकावरच्याला सांगा की हा प्रश्न त्याच्या आधी बऱ्याच लोकांना पडलाय.

भुईकोट

वकिली करतो, म्हणून थोडं कोर्टातलं.

इंग्रजी पनिशमेंट, पेनल्टी, पीनल आणि चक्क पेन, म्हणजे वेदना, हे सगळे एका लॅटिन ‘पोएना’चे. तो ग्रीक ‘पोइने’वरून, आणि त्याचा जुना अर्थ खुनाची भरपाई. माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना मोबदला द्यायचा, ती पोइने. फारसीत ‘कीन’ म्हणजे वैर, सूड, तो याच मुळाचा नातेवाईक. म्हणजे इंग्रजी शब्दाच्या तळाशी देणंघेणं आहे. आपल्या शिक्षेच्या तळाशी शिकणं. सजेच्या तळाशी साजेसं असणं. आणि ‘दंड’ या शब्दाच्या तळाशी सरळसरळ काठी.

या दंडाचा पसारा मोठा. राज्याची सात अंगं सांगतात, स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र, त्यातला दंड म्हणजे सैन्य. कन्नडमध्ये अजून ‘दंडु’ म्हणजे फौज, बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंट स्टेशनचं कन्नड नावच ‘दंडु’. मराठीत मात्र दंड खिशावर येऊन थांबला, दंड म्हणजे भरायचे पैसे. मालमत्ता कराच्या थकबाकीवर महापालिका दर महिन्याला दोन टक्के लावते ती ‘शास्ती’. बंगाल्यांची शास्ति आपल्याकडे एवढी घरपट्टीच्या बिलात शिल्लक आहे. ती ‘शास्’ या मुळाची, ज्याच्यापासून शासन, शास्त्र आणि शिष्य. शिष्य शिक्षेपासून आला असं वाटतं, पण तो इकडचा आहे.

१८६० ची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ ला गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. नावातला दंड गेला. आत शिक्षांची यादी मात्र आहेच, त्यात सामुदायिक सेवा ही नवी भर पडली. माझ्या अशिलांना अजून ‘न्याय संहितेचं कलम’ म्हणून सांगितलं की कळत नाही, ‘दंडाचं’ म्हटलं की कळतं.

एक गोष्ट मला फार दिवस खुपते. मराठीत माणूस शिक्षा ‘भोगतो’. भोग हा देवाच्या नैवेद्याचाही शब्द.

शेंगाचटणी

भोगतो! तेलुगूत शिक्षा ‘अनुभविंचु’ म्हणतात, अनुभवायची.

कंबरतलाव

कन्नडमध्येही तेच, ‘शिक्षे अनुभविसु’. आणि दंडावरून आठवलं. कन्नडमध्ये दंड म्हणजे वायाही. ‘कूळिगे दंड, भूमिगे भार’, जेवणाला दंड, भुईला भार. मराठीत ‘खायला काळ, भुईला भार’. दोन्ही म्हणी शेजारीशेजारी ठेवल्या तर दुसरा अर्धा भाग अक्षरशः तोच. सीमेवरच्या गावात कुणी कुणाची घेतली कोण सांगणार. आमच्या आजोबांनी दोन्ही मला ऐकवल्या आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत.

शेंगाचटणी

तेलुगूत ‘दंडग’ म्हणजे फुकट गेलेलं. पण नुसतं ‘दंड’ म्हणजे फुलांचा हार! ‘पूलदंड’. आणि ‘दंडम’ म्हणजे नमस्कार. माझ्या लग्नात मराठी पाहुणे होते. भटजी “दंड, दंड” म्हणून हार मागत होते आणि एक काका खरोखर पाकीट काढायला लागले.

गड्डा

दंडाचं बोलताय आणि सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुणीच बोलत नाही?

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. सिद्धेश्वर महाराज हे सोलापूरचं ग्रामदैवत. कुंभाराची एक मुलगी त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करायची. तिला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. ते योगी. त्यांनी सांगितलं, माझ्या योगदंडाशी लग्न कर. संक्रांतीच्या यात्रेतला अक्षता सोहळा तो. सात नंदीध्वज निघतात, आम्ही त्यांना काठ्याच म्हणतो. काठी पेलायची तर कमरेला पट्टा बांधून, तोल सांभाळून, महिना-महिना सराव करावा लागतो. सम्मती कट्ट्यावर कन्नडमधून सम्मती वाचली जाते, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’, आणि पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं अक्षता टाकतात. मराठी, कन्नड, तेलुगू, सगळी.

ज्या शब्दाने जगात सगळीकडे मार सांगितला, त्याला आपण बाशिंग बांधतो. हे मला लहानपणापासून फार भारी वाटतं.

आणि दंडाचा अजून एक अर्थ तुम्ही माग चालवणाऱ्यांनी विसरू नये. लुगडं मधोमध विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही चांगले तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. माझ्या आजीच्या निम्म्या लुगड्यांना दंड होते.

माळरान

बरेच दिवस नुसतं वाचत असतो, आज लिहितो.

तुम्ही सगळे शब्दकोशातल्या शब्दांबद्दल बोलताय. सोलापुरात शिक्षेचा एक शब्द वस्तीचं नाव म्हणून रिक्षावाल्याच्या तोंडी रोज असतो आणि कुणाला तो शिक्षेचा वाटत नाही. ‘सेटलमेंट’.

इंग्रजीत त्याचा अर्थ वसणं, स्थिर होणं, तडजोड. चांगला शब्द आहे. आमच्या घरात त्याचा अर्थ तारेचं कुंपण. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो कायदा मुंबई प्रांतात आला आणि सोलापुरात तारांच्या आत आमची माणसं ठेवली. आत राहायचं, गिरणीत कामाला जायचं, परत यायचं, हजेरी द्यायची. माझ्या पणज्याने काय केलं होतं? काही नाही. जन्मला होता. शिक्षा आधी, गुन्हा नाहीच.

कायदा उठला, ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही विमुक्त झालो. पण आजी मरेपर्यंत ‘हजेरी’ हा शब्द ऐकला की हातातलं काम ठेवून उभी राहायची. शाळेत मास्तर हजेरी घेतात हे मी पहिल्या दिवशी घरी सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, “का? तू काय केलास?” मराठीत ‘साहेबांनी त्याची चांगली हजेरी घेतली’ म्हणजे झापलं असं म्हणतात. तो वाक्प्रचार कुठून आला मला माहीत करून घ्यायचं नाही. मला तो आजीच्या आवाजातच ऐकू येतो.

बाई, तुम्ही हजेरी घेताना पोरांचं नाव प्रेमानं घेत असणार. तेवढं पुरे आहे.

हातमाग

@माळरान, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उद्यापासून हजेरी घेताना तुमच्या आजी आठवतील. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

भुईकोट

माळरान यांच्यानंतर लिहायला हात उचलत नव्हता. पण सोलापूरचा धागा आहे आणि चार हुतात्म्यांचं नाव आलं नाही, असं होऊ नये. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. मे १९३० च्या मार्शल लॉनंतर खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. मराठी ‘फाशी’ संस्कृत पाशापासून, म्हणजे दोराचा फास. कन्नडमध्ये ‘गल्लु शिक्षे’, तेलुगूत ‘उरिशिक्ष’. मारवाडी, मुसलमान, लिंगायत, मराठा. त्या दिवशी या गावातल्या कितीतरी घरांत ती बातमी आपापल्या भाषेत सांगितली गेली असेल.

सातरस्ता

मागच्या बाकावरच्याला अजून एक उत्तर देता येईल. आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’. पंचशीलात हा ‘सिक्खापदं’ पाच वेळा येतो. सिक्खा म्हणजे तीच शिक्षा, पालीतली. जीवहत्येपासून दूर राहण्याची शिकवण मी स्वीकारतो, असं माणूस स्वतःच म्हणतो. कुणी लादलेली नसते. ताई, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये ‘शिकणाऱ्याच्या आतली ओढ’ लिहिलंत ना, ती मराठीच्या शिक्षेतून गेली असेल, पण सोलापुरात ती रोज संध्याकाळी ऐकू येते. तुमच्या वर्गातल्या चार-सहा मुलांना हे नक्की पाठ असेल, विचारून बघा.

हातमाग

विचारलं. सहा नाही, नऊ जणांना पाठ होतं. एकीने उभं राहून पाचही शीलं म्हटली आणि बाकीच्या मुलांनी प्रत्येक सिक्खापदंला बोट मोडलं.

शुक्रवारी मी सगळ्यांना घरून शब्द विचारून आणायला सांगितलं होतं: तुमच्या घरी शिक्षा म्हणजे काय आणि शिकण्याला काय म्हणतात. फळा दोन्हीकडून भरला. दुष्ट शिक्षण, बुद्धी कलिसु, अदब, सगळं त्यात आलं. मग मागच्या बाकाला सांगितलं की आधी या शब्दाचा अर्थ ‘मला जमायला हवं’ असा होता, आणि राजाने दुष्टांना वळण लावायचं काम त्याच शब्दाला दिलं. आपल्याकडे ते काम त्याला चिकटलं, याच्या गावाला नाही. त्याने मान हलवली. पूर्ण पटलं असं वाटलं नाही, पण ऐकून घेतलं.

बिहारचा आमचा पाहुणा तोवर गप्प होता. तुमच्याकडे मास्तर काय करतात असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, “मुर्गा बनाते हैं।” कुणाला कळेना. तेव्हा तो बाकाच्या बाहेर आला आणि पायांखालून हात घालून कान पकडून बसला. एकदम आवाज झाला: “कोंबडा!” तेलुगू पोरं म्हणाली ‘कोडी’, कन्नड पोरं म्हणाली ‘कोळी’, आणि अंगठे धरून दाखवणारा तो पुढच्या बाकावरचा पोरगा त्याच्या शेजारी जाऊन तसाच बसला. दोघांना उठवायला मला दोन मिनिटं लागली.

त्याच्या वहीत आता चार भाषांतला कोंबडा लिहिलेला आहे. खाली तुरा काढलाय, लाल पेनाने.